परक्या मुलखाचा कंद आणि आपल्या चुलीवरचे सूप

धाराशिव जिल्ह्याच्या बाजारात रताळ्याचा भाव पंचांग पाहून चढतो आणि पंचांग पाहूनच उतरतो. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, नवरात्रात, महाशिवरात्रीच्या सुमारास भाजीवाल्यांच्या पाट्या तांबूस रताळ्यांनी भरलेल्या दिसतात. परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील माल त्या दिवसांत पुण्याच्या बाजारापर्यंत जातो. बेळगावकडील रताळीही तेथे उतरतात. तुळजापूर याच जिल्ह्यात असल्यामुळे नवरात्रातील उपवासाचे महत्त्व येथे निराळे सांगावयास नको. परंतु सण सरला की पाट्यांवर पुन्हा वांगी, दोडके आणि मेथी येते, आणि रताळे कोठल्या तरी कोपऱ्यात चार-दोन किलोंपुरते उरते. वर्षातून काही दिवस मानाचा पाहुणा आणि उरलेले दिवस अनोळखी, अशी या कंदाची येथील स्थिती आहे.

गेली काही वर्षे उपवासकाळातील शुक्रवारी आमच्या लहानशा धर्मग्रामातील काही घरांतून रताळ्याचे सूप होऊ लागले आहे. करावयास सोपे, पोटाला हलके आणि खिशाला परवडणारे असे हे पेय आहे. त्यावर एका वयस्कर बाईंनी आम्हाला सरळ विचारले, "फादर, हे तर त्यांच्या उपवासाचं. आपण कसं खायचं?" शेजारीच बसलेल्या त्यांच्या सुनेची शंका नेमकी उलट होती. तिच्या शेजारणीने तिला विचारले होते की, तुमचा धर्म बाहेरचा, मग तुमच्या उपवासाला आमचे रताळे कसे चालते? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, रताळे हे या मातीतले अनादी काळापासूनचे व्रताचे अन्न आहे. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो, आणि तो सांगण्याजोगा आहे.

रताळ्याची जन्मभूमी मध्य आणि दक्षिण अमेरिका. तेथील लोक हजारो वर्षे त्याची लागवड करीत आले होते. १४९२ साली कोलंबसाची जहाजे कॅरिबियन बेटांना लागली, तेव्हा तेथील ताइनो लोक ज्या गोड कंदावर जगत होते त्याचे त्यांच्या भाषेतील नाव होते 'बटाटा'. हे वाचून वाचक थबकतील. पण खरोखर हे नाव आधी रताळ्याचे होते. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो अँडीज पर्वतातील कंद युरोपीयांना नंतर भेटला आणि मूळच्या नावावर त्याने हक्क सांगितला. इंग्रजीतील 'पोटॅटो' हा शब्दही प्रथम रताळ्यासाठीच वापरात होता. पोर्तुगीजांनी मात्र दोघांनाही 'बताता' म्हटले आणि रताळ्यापुढे 'गोड' हे विशेषण जोडले.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर हा कंद आफ्रिकेच्या किनाऱ्याने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. त्याच जहाजांबरोबर मिरची, काजू, अननस, पेरू अशी किती तरी झाडेझुडपे आली. गोवा १५१० पासून आणि वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या हाती होती, चौलला त्यांची वखार होती. तेव्हा नव्या जगातील बियाणे आपल्या मुलखात शिरण्यास दारे पुष्कळ होती. रताळ्याला तर बियाणेही लागत नाही. वेलाचा वीतभर तुकडा ओल्या मातीत खोचला की तो मूळ धरतो. अशा पिकाला व्यापारी लागत नाही, सरकारही लागत नाही. एका परसातून दुसऱ्या परसात, माहेरातून सासरी, असा त्याचा प्रवास होऊ शकतो.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रज राजदूत सर टॉमस रो मोगल दरबारी होते. त्यांचे धर्मोपदेशक एडवर्ड टेरी यांनी असफखानाने दिलेल्या मेजवानीचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे आणि त्यात 'पोटॅटो' उत्तम शिजवून वाढल्याचा उल्लेख आहे. हा पदार्थ आजचा बटाटा नसून रताळे असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. एका पाद्र्याने मेजवानीत काय काय वाढले होते ते इतक्या आवडीने नोंदवावे, याचे आमच्या व्यवसायबंधूंना आश्चर्य वाटणार नाही!

आता नावाची गंमत पाहा. अमेरिकेचे 'बटाटा' हे नाव मराठीत दुसऱ्याच कंदाला मिळाले आणि रताळे मात्र शुद्ध देशी नाव धारण करून बसले. 'रताळे' या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत 'रक्तालु' या शब्दाकडे नेली जाते. रक्तालु म्हणजे तांबडा कंद. परंतु संस्कृतातील हे नाव अमेरिकेच्या कंदाला उद्देशून असणे शक्यच नाही. ते होते येथील जुन्या तांबड्या-जांभळ्या कंदाचे, ज्याला आपण कोनफळ म्हणतो. पुरावा हवा असल्यास गुजरातेत जावे. सुरतेच्या उंधियूत पडणारे 'रतालू' म्हणजे आजही कोनफळच. रताळ्याला ते लोक 'शक्करियां' म्हणतात. गोव्यात रताळ्याला 'कणंग' म्हणतात, तेही जुन्या देशी कंदांच्या कुळातील नाव. थोडक्यात, नव्या पाहुण्याला घरातल्या जुन्या माणसाचे नाव दिले गेले, आणि दोन-तीन पिढ्यांत तो पाहुणा होता हेच लोक विसरले.

अशा नावांच्या देवघेवीचे उदाहरण आपल्या ख्रिस्ती वाङ्मयातही आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. पण १६१६ साली राशोल येथे छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे आणि 'पुराण' हे नावही त्यांनी येथलेच घेतले. रताळे आणि ख्रिस्तपुराण एकाच शतकात, एकाच किनाऱ्यावर मराठी झाले. यातून फार मोठा सिद्धांत काढण्याची आमची इच्छा नाही. 'बाहेरचे' आणि 'आमचे' हे शब्द वापरताना थोडे जपून वापरावेत, इतकेच त्या सुनेच्या शेजारणीला सांगता येईल.

मग हे रताळे उपवासाच्या ताटात शिरले कसे? कोणत्याही जुन्या ग्रंथात त्याला परवानगी असणे संभवत नाही, कारण ग्रंथकारांना ते ठाऊकच नव्हते. त्याला वाट मिळाली ती एका वर्गीकरणामुळे. हिंदू व्रतांत वर्ज्य ठरते ते धान्य, म्हणजे नांगरलेल्या शेतातील अन्न. कंदमुळे आणि फळे ही अरण्यातील ऋषींचा आहार म्हणून चालतात. रताळे जमिनीखाली वाढते, तेव्हा ते कंदमुळांच्या दारातून सहज आत आले. त्याच दाराने बटाटा आला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, तोही आला. हिरवी मिरची अमेरिकेची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलकडील, आणि त्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा तमिळनाडूतील सेलम भागात वाढला तो १९४०च्या दशकापासून. आज एकादशीच्या ताटात खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचे काप असतील, तर त्या ताटातील देशी वस्तू शोधण्यासाठी भगरीकडे, शिंगाड्याकडे आणि तुपाकडेच वळावे लागेल. टोमॅटो मात्र अमेरिकेचाच असूनही अनेक घरांत उपवासाला चालत नाही. याचे कारण आम्ही पुष्कळ गृहिणींना विचारले. प्रत्येकीने वेगळे सांगितले.

धाराशिवच्या भूमीला दूरदेशीच्या वस्तू नव्या नाहीत. या जिल्ह्यातील तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातील 'तगर'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून रोमच्या साम्राज्यात पोहोचे. उत्खननात त्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या आहेत. त्याच तेरला पुढे संत गोरोबा कुंभार झाले. मात्र तगरच्या व्यापाऱ्यांनी किंवा गोरोबांनी रताळे चाखलेले नसणार. गोरोबांच्या मडक्यांत शिजली असतील ती ज्वारी, बाजरी, तूर, आणि कंद असलेच तर सुरण-कोनफळासारखे.

इतर देशांत याच कंदाने काय केले ते पाहिले म्हणजे आपल्याकडील त्याचे भाग्य किती आखूड राहिले हे कळते. चीनच्या फुजियान प्रांतातील चेन झेनलोंग नावाच्या व्यापाऱ्याने १५९३ साली फिलिपिन्समधील लुझोन बेटातून रताळ्याचे वेल आणले. स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटावेत म्हणून ते जहाजाच्या दोरखंडात गुंफून आणले, अशी तेथील परंपरा सांगते. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा प्रांताधिकाऱ्याने लागवडीचा हुकूम काढला आणि रताळे गरिबांचे अन्न बनले. जपानात १७३२ च्या भीषण दुष्काळानंतर आओकी कोन्यो या विद्वानाने १७३५ च्या सुमारास राजधानी एदो येथे त्याची लागवड करून दाखविली आणि त्यावर पुस्तिका लिहिली. दोन्ही देशांत राज्यकर्त्यांनी ओळखले की, हलक्या जमिनीत येणारे, चार-पाच महिन्यांत तयार होणारे आणि ज्याचे बी म्हणून काही राखून ठेवावे लागत नाही असे पीक दुष्काळात माणसे वाचवते. धान्याचा दुष्काळ असा असतो की भुकेलेला शेतकरी शेवटी बियाणेच खाऊन टाकतो आणि पुढल्या पावसात पेरावयास काही उरत नाही. रताळ्याचा कंद सगळा खाल्ला तरी वेल शिल्लक असतो.

आपल्या मराठवाड्यात दुष्काळ काही कमी पडले नाहीत. १९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीने अंगावर काढला. उस्मानाबाद जिल्ह्यात, जेव्हा लातूरही त्यातच होते, माणसे पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत होती. त्या काळाचे दोन शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत: 'मिलो' आणि 'सुकडी'. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे असे सांगताना त्यांचे तोंड आजही वाकडे होते. सुकडी म्हणजे कामावर आणि शाळेत वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ. परदेशी धान्य जहाजाने आणून वाटले गेले. चार शतके आधीच जहाजाने आलेला आणि येथे रुजलेला कंद मात्र व्रताच्या पंगतीत बसून राहिला. पाण्याविना लागवड होत नाही हे खरे. वेल जगविण्यास सुरुवातीला ओल लागतेच आणि भारी काळ्या जमिनीत कंद नीट पोसत नाही. पण माळाच्या हलक्या रानात, विहिरीच्या थारोळ्यापाशी, परसात दोन वाफे लावावयास फार लागत नाही. आम्हाला वाटते, खरी अडचण मातीची नव्हती. ज्या वस्तूवर 'उपवासाची' असा शिक्का बसतो ती रोजच्या जेवणातून निसटते, आणि ज्या दिवशी तिची आठवण होते त्या दिवशी तिचा भाव मजुराला परवडत नाही.

आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांना उपवास ठाऊक होता तो बिनबोलावता येणारा. उपासमार आणि उपवास यांत जो फरक आहे तो त्यांना समजावून सांगण्याचे धाडस कोणत्याही धर्मगुरूने करू नये. अन्न असताना ते सोडणे म्हणजे उपवास. पाचव्या शतकातील संत लिओ पोप यांनी आपल्या प्रवचनांत वारंवार हेच सांगितले की, उपवास करणाऱ्याच्या ताटातून जे वाचते ते भुकेल्याच्या ताटात गेले पाहिजे. आणि त्यांच्याही कित्येक शतके आधी यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायात भुकेल्याला भाकरी वाटण्याविना केलेल्या उपवासाची कडक हजेरी घेतली आहे. म्हणून उपवासकाळातील पदार्थ निवडताना 'काय चालते' याबरोबरच 'काय वाटता येते' हेही पाहावे लागते. स्वस्त सूप मोठ्या पातेल्यात होते आणि पाणी घालून वाढवता येते, ही त्याची मोठी सोय आहे.

सुपाचा आणि ख्रिस्तसभेच्या कायद्याचा संबंध तर वाचकांना वाटतो त्याहून जुना आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतील १२५० व्या कलमाने शुक्रवारी मांसाबरोबरच मांसाचा रस्साही वर्ज्य केला होता; अंडी, दूध आणि चरबीची फोडणी मात्र चालत असे. हाडांचे पाणी घालून केलेले सूप त्या काळी शुक्रवारी निषिद्ध होते. पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी उपवासाचे नियम नव्याने घालून दिले, तेव्हा मनाई मांसापुरती उरली आणि रश्श्याचा उल्लेख गळला. १९८३ च्या संहितेप्रमाणे मांसवर्जनाचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना, आणि राखेचा बुधवार व पवित्र शुक्रवार या दोन दिवसांचा उपवास १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंत सर्वांना लागू आहे. उपवासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे काही; त्या थोडेसेत वाटीभर सूप नेमके बसते. २०१८ साली महाशिवरात्र १३ फेब्रुवारीला आली आणि राखेचा बुधवार दुसऱ्याच दिवशी. शेजाऱ्यांकडे आदल्या दिवशी आणलेली रताळी त्या वर्षी काही ख्रिस्ती घरांतही पोहोचली होती.

'सूप' हा शब्दही असाच फसवा आहे. इंग्रजांकडून आला म्हणून आपण तो परका समजतो. पण संस्कृतात 'सूप' म्हणजे वरण, डाळीचे पातळ कालवण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. १८७५ साली पुण्यात छापलेल्या, मराठीतील आद्य पाकपुस्तकांत गणल्या जाणाऱ्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ग्रंथाचे नावच 'सूपशास्त्र' आहे. दोन्ही शब्दांचा चेहरा सारखा; आणि धान्य पाखडावयाचे सूप तर तिसरेच, ते 'शूर्प' शब्दापासून आलेले. पातळ पोटभरू पदार्थही धाराशिवला नवा नाही. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला या जिल्ह्यात आणि लातूरकडे सारे गाव शेतात लोटते, तेव्हा मडक्यातील आंबील आणि हंगामातील भाज्या-शेंगा घालून केलेली भज्जी यांवरच ताव मारला जातो. हुरड्याच्या दिवसांत आगटीच्या निखाऱ्यांत रताळी खुपसून भाजणारेही आहेत. सूप त्यामानाने सौम्य पडते, हे खरे.

आता ते करावयाचे कसे ते सांगतो. चार माणसांसाठी अर्धा किलो रताळी, एक मध्यम कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, चमचाभर जिरे, दोन चमचे तेल, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, सुमारे एक लिटर पाणी, मीठ, मिरपूड आणि अर्धे लिंबू. रताळी घासून धुवावीत, कारण खाचांत माती अडकते, आणि सालीसकट झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावीत. येथे घाई करू नये. रताळ्यात पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर करणारे द्रव्य असते आणि ते कंद हळूहळू तापत असतानाच काम करते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत त्याला पुरेशी सवड मिळत नाही आणि गोडी कमी उतरते. शिजल्यावर साल काढून गर रवीने घोटावा अथवा मिक्सरमधून काढावा. पातेल्यात तेलावर जिरे, आले, लसूण आणि कांदा परतून घ्यावा, त्यावर गर आणि पाणी घालून दहा मिनिटे उकळी द्यावी. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर वगैरे घालण्याचे कारण नाही, रताळे स्वतःच दाटपणा आणते. शेवटी कूट, मीठ, मिरपूड, आणि आच बंद केल्यावर लिंबू. लिंबावाचून ते फार गोड लागते आणि पुरुषमंडळी नाक मुरडतात. एकादशीला शेजारचे कोणी यावयाचे असेल तर कांदा-लसूण वगळून हिरवी मिरची आणि सैंधव वापरावे. चव उणावत नाही.

कूट आणि तेल केवळ चवीसाठी नाही. नारिंगी गराच्या रताळ्यात ज्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते ते भरपूर असते, आणि ते अंगी लागण्यास स्निग्ध पदार्थाची जोड लागते. आपल्या बाजारात मिळते ते बहुधा तांबड्या सालीचे आणि पांढऱ्या गराचे. त्यात हा गुण फार थोडा. तिरुवनंतपुरम येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाचा नारिंगी वाण काढला आहे. आफ्रिकेत अशाच नारिंगी रताळ्याच्या प्रसारामुळे लहान मुलांच्या डोळ्यांचे आणि एकंदर आरोग्याचे भले झाले, म्हणून त्या कार्यातील संशोधकांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. ज्यांच्या परसात दोन वाफ्यांची जागा आहे त्यांनी या वाणाचे वेल कृषी विभागाकडे जरूर मागावेत. पावसाळ्याच्या तोंडाला लावले तर दिवाळीच्या आसपास कंद काढता येतात, म्हणजे उपवासकाळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. आमच्या मते हे सूप शुक्रवारी जितके योग्य तितकेच ते मंगळवारीही योग्य. तापातून उठलेल्या मुलाला, दात पडलेल्या आजोबांना आणि बाळंतिणीला तर कोणत्याही वारी द्यावे.

साली फेकू नयेत. या जिल्ह्यातील बहुतेक घरांच्या दारात एखादी काळी शेळी बांधलेली असतेच. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण तिच्या जातीचे नाव देशभर उस्मानाबादीच आहे. रताळ्याची साल आणि वेलाचा पाला ती आवडीने खाते.